नाना धुमाळांची आसनव्यवस्था

नाना धुमाळांनी माझ्या घरात येऊन माझेच मासे खाली उतरवले, तेव्हा आमची ओळख होऊन पुरता आठवडाही झाला नव्हता.

मी तेव्हा बदली होऊन भोरला नवीनच आले होते. तालुक्याच्या ऑफिसात नोकरी, लेक शिकायला बाहेर, नवरा सोलापूरला. म्हणजे संध्याकाळी घरात मी आणि टीव्ही. टीव्हीतली माणसं सारखी एकमेकांवर खेकसतात, त्यापेक्षा मासे बरे, असा विचार करून बाजारातून दोन फुटी काचेची टाकी आणली आणि दुकानात जे जे सुंदर दिसलं ते ते उचललं. दोन गोल्डफिश, पट्ट्यापट्ट्यांचे चार टायगर बार्ब, लांब शेपट्यांचे गप्पी आणि एक एंजल. साड्यांच्या दुकानात माझं जे होतं तेच इथंही झालं, दुसरं काय!

नाना शेजारच्या ब्लॉकमधले. पाण्याची मोटार कुणी कधी चालू करायची ते समजवायला आले होते. दारातूनच त्यांची नजर टाकीवर गेली. चपला काढल्या, हात पाठीमागं बांधले आणि टाकीसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता "वा, छान" म्हणतील.

"ही गाडी कुणी भरली?" नाना म्हणाले.

"अं?"

"ताई, चहाची गाळणी द्या बरं. आन एक पातेलं."

मी बावळटासारखी गाळणी दिली. नानांनी बाही वर सारली आणि चारही टायगर बार्ब एकेक करून उचलून पातेल्यात टाकले. वर प्रत्येकाला बजावलं, "चला, खाली उतरा. लोकांच्या शेपट्या वडता व्हय? फुडच्या गाडीनं या." मी वाकून पाहिलं, तर खरंच गप्प्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. आदल्या दिवसापासून मी त्याला पकडापकडीचा खेळ समजून कौतुकानं बघत होते.

पातेलं दुसऱ्या दिवशी परत आलं. गाळणी मी टाकून दिली. नाना मात्र तेव्हापासून जे घरात शिरले ते शिरलेच.

नाना एसटीतले निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी भोर-वेल्हे भागातल्या गाड्यांवर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, भजनाला बसतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन बाकीच्यांना जगणं नको करतात. नानांनी मासे धरले. पण खांद्यावरची बॅग उतरली तरी अंगातली कंडक्टरकी काही उतरली नाही. टाकी म्हणजे त्यांच्या लेखी गाडी आणि मासे म्हणजे प्याशिंजर. मासा विकत घेणं याला ते 'चढवणं' म्हणतात. माझी टाकी त्यांच्या हिशेबी मिनीबस.

"मिनीबसमदी लग्नाचं वऱ्हाड भरायचं नसतं, ताई. जागा दिसली म्हंजे प्याशिंजर घ्यायचाच, असं न्हाई."

त्यांचं शास्त्र सोपं आहे. टाकीत तीन टप्पे. काही मासे पाण्याच्या वरच्या थरात राहतात, काही मधे फिरतात, काही तळाला बसून असतात. तिन्ही टप्प्यांत थोडे थोडे बसवले की धक्काबुक्की होत नाही. "समदे मधलेच घेतले, की झाली दारात गर्दी!" मग स्वभाव बघायचा. आणि रूप? रूप शेवटी, जमलं तर. मी नेमकी उलट्या बाजूनं सुरुवात केली होती.

एकेका जातीवर त्यांचं मत ठाम. टायगर बार्ब म्हणजे कॉलेज सुटल्यावर मागच्या सीटवर बसणारी पोरं. एंजल? "दिसायला लई सोज्वळ. पर तोंडात मावंल त्येला गिळतंय." गोल्डफिश म्हणजे जत्रेचं गिऱ्हाईक, खाईल तेवढी घाण करणार. शिवाय त्याला गार पाणी लागतं, बाकीच्यांना कोमट. सकर नावाचा तो काळा मासा लोक काचेवरचं शेवाळं खाईल म्हणून हौसेनं आणतात, त्यावर नाना हात वर करून दाखवतात, "हातभर वाढतोय त्यो! झाडलोटीला आणला आन घरमालक झाला." निऑन टेट्राबद्दल मात्र त्यांचा आवाज मऊ होतो. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी-लाल रेघ. "ह्यांना एकटं-दुकटं चढवायचं न्हाई. आठ-धा जणांचा घोळका पायजे. एकटं पडलं की भेदरून मरतंय बिचारं."

माझी एंजल आणि दोन्ही गोल्डफिश त्याच आठवड्यात उतरवण्यात आले. ते सगळे नानांच्या घरी जमा झाले. तिथं हॉलमध्ये एक टाकी आहे, ती शांत माशांची. आतल्या खोलीत भांडकुदळांसाठी मोठ्या टाक्या आहेत, सगळ्या मिळून त्यांना नाना 'डेपो' म्हणतात. तालुक्यात कुणाच्या घरी माशामाशांची मारामारी झाली की आरोपी तिथं आणून सोडतात. माझे चार टायगर बार्ब डेपोत गेल्यावर बघा कसे सुतासारखे सरळ आले. सगळेच गुंड, कोण कुणाची शेपटी ओढणार?

बाजारातला माशांचा दुकानदार नाना लांबून दिसले की शटरकडे बघायला लागतो. कारण नाना मासा 'बघायला' येतात. काचेसमोर उभे राहतात आणि म्हणतात, "जेवाय वाढ." दुकानदारानं दाणे टाकायचे. मग कोण ढकलून पुढं जातो, कोण दुसऱ्याच्या तोंडचं ओढतो, कोण कोपऱ्यात वाट बघत थांबतो, ते नाना न्याहाळणार. "माणूस पंगतीत कळतो, ताई." एवढं करून म्हणणार, आज नको, गुरुवारी येतो.

एकदा माझ्यासमोर तो बिचारा कळवळून म्हणाला, "नाना, एक मासा घ्यायचाय तुम्हाला. जावई नाही!"

"जावई वाईट निघाला तर एका पोरीला तरास दील," नाना म्हणाले. "ह्यो अख्ख्या गाडीला दील."

मालनकाकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, मी हे सांगितलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला बघाया आलं तवा पोह्याची बशी सरायच्या आत व्हय म्हणलं हुतं. मान वर करून बघितलं सुदीक न्हाई. आता मासा बघाया तीन तीन हेलपाटं!" नाना तेव्हा फिल्टर धूत होते. त्यांनी ऐकलंच नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं. यात ते पटाईत आहेत.

आता किसन डायव्हरबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय नाना कळायचे नाहीत.

नानांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला किसन यायचा. किसननं घाटात गाडी कशी मागं घेतली, किसननं म्हशीसाठी हॉर्न न वाजवता दहा मिनिटं वाट कशी बघितली. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर नोकरी केली. मुक्कामाची गाडी असली की गावातल्या पारावर एका स्टोव्हवर पिठलं करून खायचं आणि गाडीतच समोरासमोरच्या सीटवर आडवं व्हायचं. काकू म्हणतात, "संसार त्यांचा दोघांचा. म्या आपली रजेला भेटनारी बायकू."

किसन निवृत्त होऊन पालीला, आपल्या गावी गेला. राजगडाच्या अगदी पायथ्याला त्याचं घर आहे. तिथं त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, शब्द फुटेना. सुरुवातीला गावातली माणसं येऊन बसायची. मग कमी झाली. आणि जी येत होती त्यांनाही किसननं येऊ दिलं नाही.

"म्या गेलो की ताई, केळी घिऊन," नाना सांगत होते. त्या दिवशी त्यांच्या हातात माशांची जाळी होती आणि ती ते उगाच उलटीसुलटी करत होते. "त्यानं तोंड भितीकडं केलं. डाव्या हातानं 'जा' म्हणला. मला, ताई! मला 'जा' म्हणला!"

एवढा मोठा माणूस, एरवी मला माझ्याच घरात दम देणारा, आणि डोळ्यांत पाणी.

"त्याची चूक न्हाई," नाना पुढं म्हणाले. "रुबाबाचा डायव्हर हुता. आता कुणी तोंड पुसायला लागतं. आजाऱ्याला बघाया आलेला माणूस त्याला सोसत न्हाई. पर काम घिऊन आलेला माणूस चालंल. कामाला आलेल्याला कोण हाकलत न्हाई."

आणि ते काम म्हणजे टाकी. माझ्यासारखीच दोन फुटी, किसनच्या बाजेजवळ ठेवायची. मासे बोलत नाहीत, किसनही बोलत नाही, तेव्हा त्यांचं जमेल. आणि टाकी म्हटली की दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं आलं, काच पुसणं आलं. म्हणजे नानांना दर रविवारी त्या घरात जायला कारण.

"ही टाकी बसली तर बसली," नाना म्हणाले. "न्हाई बसली, तर त्या घरात पाय ठिवायला दुसरं कारण माझ्याकडं न्हाई."

मग सुरू झाली निवड. एरवी नाना एका माशाला आठवडा लावतात, इथं त्यांनी भोरचा बाजार पालथा घातला, पुण्याला दोन फेऱ्या मारल्या. भांडखोर मासा नको. दगडाआड लपून बसणारा नको, किसनला दिसला पाहिजे. सारखा आडवा घुसणारा तर अजिबात नको, "किसनला आडवं घुसनारं खपत न्हाई. दुचाकीवाल्यांवर चिडायचा लई." शेवटी मधल्या टप्प्याला निऑनचा घोळका आणि तळाला मिशा असलेले, वाळू हुंगत फिरणारे गरीब कोरी मासे, अशी गाडी ठरली. टाकी दुधाच्या टेम्पोतून पालीला पोचली, मासे नानांच्या मांडीवरून.

पहिल्या रविवारी किसननं भिंतीकडचं तोंड काही हलवलं नाही. नाना टाकीशी खुडबूड करून परत आले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मात्र आमच्या दारावर थापा पडल्या.

"ताई! तोंड फिरवलं त्यानं! हिकडं!" नाना हातानं दाखवत होते. "माशांकडं बगत हुता, पर हिकडं तोंड केलं!" आणि त्या रात्री आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला हळूच विचारलं, कुणाला काय झालं गं? मी म्हटलं, एका डायव्हरनं तोंड फिरवलं. त्यांनी पेढा खाल्ला आणि दार लावून घेतलं.

पण हा आनंद फार टिकला नाही. एका गुरुवारी हौसाबाईंचा, किसनच्या बायकोचा, फोन आला. टाकीचं पाणी गढूळ झालंय, ताकासारखं दिसतंय, भावजी या. नाना मिळेल त्या गाडीनं धावले. पाणी बदललं, फिल्टर धुतला, आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन निऑन गेले. नानांना अन्न गोड लागेना. फिल्टर बदलला. विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि माझ्या नाकाखाली धरून विचारलं, वास येतोय का. चुलीच्या धुराचा संशय घेतला. हौसाबाईंची उलटतपासणी घेतली. "म्या फकस्त चिमूटभर दानं टाकते, भावजी, देवाच्यान," असं त्या म्हणाल्या.

आणि मग एका रविवारी नाना पालीहून आले ते उरलेले निऑन आणि कोरी किटलीत घालून. हॉलमधल्या शांत टाकीत त्यांना सोडलं आणि मला म्हणाले, "उद्या बाजारात जायचंय. मॉली, गप्पी आन गुरामी घ्यायच्यात."

मी उडालेच. मॉली? मॉलीबद्दल नानांचं मत मला पाठ होतं, 'कुठंबी चढनारी, कुठंबी उतरनारी, पोरांचं लेंढार घिऊन हिंडनारी'. एवढा निवडीचा गर्व असलेला माणूस आणि मॉली!

"नाना, निऑन हरले वाटतं?"

"निऑन चांगलं हायेत. त्या गाडीला चालत न्हाईत." एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानातही त्यांनी 'जेवाय वाढ' म्हटलं नाही. दुकानदाराला एवढंच विचारलं, "गढूळ पान्यात कोन दम धरतो, तेवढं सांग." दुकानदार म्हणाला, गुरामीसारखा चिवट नाही, पाणी खराब झालं तर वर येऊन तोंडानं हवा घेतो. नानांनी मुकाट पैसे दिले. शटर ओढायच्या तयारीत उभा असलेला तो माणूस आमच्याकडे बघतच राहिला. मला खरं सांगू का, वाईट वाटलं. म्हटलं, थकले नाना. हात टेकले.

मासे दोन किटल्यांत होते आणि मालनकाकूंचे गुडघे धरलेले, म्हणून पुढच्या रविवारी दुसरी किटली माझ्या गळ्यात आली. मी रविवारी डोक्याला तेल चोपडून दुपारपर्यंत लोळणारी बाई. त्या दिवशी सकाळी कुडकुडत भोरच्या स्टँडवर उभी होते, आणि माझी चांगली लोकरीची शाल किटलीला गुंडाळलेली. माशांना थंडी बाधते म्हणे. मला बाधत नसावी.

नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरली. गाडी राजगडाला निघालेल्या पुण्याच्या पोरांनी गच्च भरलेली. कंडक्टर एक तरतरीत मुलगी होती. नानांनी तिला सांगितलं, "दोन फुल. आन ह्यांचं काय ते लगेज लाव."

तिनं किटलीत डोकावून पाहिलं. "काका, मासे आहेत. असू द्या की."

"असू द्या कसं? फुकट्या प्याशिंजर म्या आयुष्यात नेला न्हाई. लाव."

"अहो, मशीनमध्ये माशाचं बटण कुठंय!"

त्यावर दोघांची जी चर्चा सुरू झाली ती दोन स्टॉप चालली. शेवटी ती मुलगी हात जोडून म्हणाली, "काका, तुमच्या बॅचचे सगळे असेच होते का हो?" आणि नाना इतके खूश झाले की विषयच मिटला.

पलीकडं बसलेल्या एका पोरानं गंमत म्हणून विचारलं, "काका, फ्राय करणार की रस्सा?" नानांनी त्याच्याकडं काही क्षण पाहिलं, मग त्याच्या डोक्यावरची पाटी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ही महिलांची सीट हाय. उठा." पोरगं उठलं. त्या जागी मी बसले, आयुष्यात मासे पहिल्यांदा उपयोगी पडले.

पण नानांनी त्या सीटची वसुली केलीच. रस्ता खराब लागला, किटलीतलं पाणी हिंदकळायला लागलं. माझ्या किटलीत एक काळी मॉली होती, पोट टरटरून फुगलेलं. मॉली अंडी घालत नाही, पिलंच घालते. ती आता कोणत्याही घटकेला मोकळी होईल, असं नाना सकाळपासून म्हणत होते. एका मोठ्या खड्ड्याला किटली खळ्ळकन वाजली आणि नाना समोर ड्रायव्हरकडं बघून गरजले, "ओ मास्तर, हळू घ्या! ताईंच्या हितं दिवस भरल्यात!"

अख्खी गाडी वळून माझ्याकडं बघायला लागली. माझं वय पन्नास. केसांना मेंदी. एक म्हातारी लगबगीनं उठून माझ्यापाशी आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देवाला काळजी हाय गं बाय. काय हुत न्हाई." मी तोंड उघडून किटली दाखवेपर्यंत ड्रायव्हरनं गाडी बैलगाडीच्या चालीनं घेतली होती. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी ऐकलंच नाही.

पालीत किसनच्या घरी पोचलो. पडवीत बाज, बाजेवर उशाला टेकून किसन, आणि बाजूला लाकडी टेबलावर टाकी. उंचपुरा माणूस, चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, पण मिशा अजून झोकात. मला वाटलं, नाना विचारतील, कसा आहेस, औषध घेतलंस का. छे! नानांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चला, लई काम हाय. मधी मधी करू नका कुणी," असं म्हणत बाह्या सारल्या आणि टाकीत हात घातला.

आणि मग नाना माशांशी बोलायला लागले. एका गुरामीला त्यांनी सांगितलं की डेपोला नवीन गाड्या आल्यात, पण गियर टाकण्यात पहिल्यासारखी मजा नाही राहिली. दुसऱ्याला सांगितलं की अमक्या मेकॅनिकची पोरगी नर्स झाली. टाकीतलं थोडं थोडं पाणी किटलीत ओतून ते नव्या माशांना पाण्याची सवय करून देत होते आणि भोरची सगळी बातमी माशांना पुरवत होते. किसन माशांकडं बघत ऐकत होता. एका बातमीला त्याच्या घशातून 'ह्यॅ' असा आवाज आला. नाना गुरामीला म्हणाले, "बरूबर हाय तुजं, मलाबी पटलं न्हाई."

मग नाना बादल्या घेऊन विहिरीवर गेले. हौसाबाई चहा ठेवायला आत गेल्या. पडवीत किसन आणि मी. मी आपली गडाकडं बघत बसले.

काहीतरी टक्कन वाजलं म्हणून मान वळवली. किसननं डावा हात लांब करून टेबलावरचा माशांच्या खाण्याचा डबा घेतला होता. अंगठ्यानं झाकण उडवलं, सफाईनं, रोजची सवय असल्यासारखं. दाराकडं एक नजर टाकली. आणि मूठभर दाणे टाकीत ओतले. मूठभर! चिमूट टाकायची तिथं! उरलेले दाणे तळाला बसून कुजणार, दोन दिवसांत पाणी ताकासारखं होणार, हे एव्हाना मलाही कळत होतं.

तेवढ्यात त्याची नि माझी नजरानजर झाली. हात डब्यावर तसाच थांबला. पोर चोरी करताना सापडावं तसा त्याचा चेहरा झाला. मग त्यानं हळूच डावं बोट ओठावर ठेवलं आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसला. बाजेवर भुईमुगाच्या शेंगांची वाटी होती, ती त्यानं माझ्याकडं सरकवली. मी सरकारी नोकर. इतक्या वर्षांत कुणाकडून चहा घेतला नव्हता. शेंगा घेतल्या.

हौसाबाईंना फोन करायला लावणारं कारण हा माणूस स्वतःच्या हातानं तयार करत होता. आठवडाभर वाट बघवत नव्हती त्याला. 'ये' म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि वळली असती तरी त्या रुबाबदार मिशांनी म्हणू दिलं नसतं.

परतीला फाट्यावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. रिकाम्या किटल्या, माझ्या शालीला माशांचा वास. मी बरंच धरून ठेवलं, पण गप्प राहणं मला जन्मात जमलेलं नाही. शेंगा खाल्ल्या असल्या म्हणून काय झालं!

"नाना, एक सांगू? चिडणार नसाल तर. पाणी विहिरीमुळं खराब होत नाहीये. फिल्टरमुळंही नाही. किसनभाऊ मुठीनं दाणे टाकतात. मुद्दाम."

नाना रस्त्याकडं बघत होते.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"ठावं आहे? कधीपासून?"

"ताई, सारी नोकरी त्या मानसाच्या पाठीमागं उबा हुतो म्या. गाडी मुद्दाम हळू घेतोय का घाट हाय म्हणून, ते मला पाठीवरनं कळायचं. तिसऱ्या येळंला पानी गढूळ झालं तवाच वळखलं." मग म्हणाले, "निऑनचा जीव बारीक. त्यांचा काय गुन्हा? म्हणून ते उतरवलं. ही गुरामी, मॉली तगत्यात. मुठीनं टाकलं तरी दोन-चार दिस दम धरत्यात. तवर म्या पोचतो."

म्हणजे हात टेकले होते कुठले! माशाशी मासा जुळवत सगळा बाजार हिंडलेला हा माणूस या खेपेला मासे जुळवत होता ते किसनच्या मुठीशी. मला आतून इतकं भरून आलं, आणि मला भरून आलं की मी भांडते. सवयच आहे.

"अहो, पण मग एवढा उपद्व्याप कशाला? डबा वर फळीवर ठेवायला सांगा ना हौसाबाईंना! प्रश्नच मिटला!"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. शेपटी ओढणाऱ्या माशाकडं बघतात तसं.

"आन डबा वर ठिवला, तर त्यानं मला बोलवायचं कसं?"

गाडी आली. नानांनी मला आधी चढवलं, खिडकीची सीट दिली, आणि नसरापूर येईपर्यंत स्वतः दांडीला धरून उभे राहिले. बसायला जागा होती तरी.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघाले होते, कुलूप लावत होते. शेजारचं दार धाडकन उघडलं. नाना बनियनवरच बाहेर आले होते, एका पायात चप्पल, कानाला मोबाईल.

"ताई!" ते जिन्यातून अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडले. "पानी गढूळ झालं!"

मालनकाकू मागून म्हणाल्या, नातू झाला तेव्हासुद्धा एवढे हसले नव्हते.